मागच्या सीटवरचे मत

लांब पल्ल्याची मोठी मोटारसायकल घेतलेल्या माणसाला "गाडी कशी आहे?" असे एकदा विचारून बघा. "एक नंबर!" याशिवाय दुसरे उत्तर मिळाले तर मला कळवा. दोन-अडीच लाख मोजून झाल्यावर "चुकलेच जरा" असे म्हणायला मोठे धैर्य लागते. ते आमच्यासारख्या नोकरदारांत कुठले?

गेल्या दिवाळीत बडोद्याला गेलो होतो. तिथे नागरवाड्यात माझा मावसभाऊ राहतो. दादाने पन्नाशी उलटल्यावर, मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर, अशीच एक गाडी घेतली. (कंपनीचे नाव लिहीत नाही, दादा हे वाचतो.) घेतली ती दोघांनी देश बघायचा म्हणून. पहिलीच फेरी गोव्याची, साधारण हजार किलोमीटर. सुरत, वापी, मग पुणे-कोल्हापूर, आणि आंबोली घाट उतरून खाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, म्हणून खंडाळ्याचा जुना रस्ता. दादा आमच्या दारात उतरला तेव्हा वीस वर्षांनी लहान दिसत होता. वहिनी उतरल्या, त्या भिंतीला धरून. परतीला त्यांनी मडगावहून रेल्वे धरली.

तर त्या दिवशी नागरवाड्यात शेव-उसळ खात दादा शेजाऱ्याला गाडीचे गुण सांगत होता. इंजिन, पकड, ऐंशीच्या वेगातही न थरथरणारे हँडल. सगळे खरेच असणार. आतून वहिनी हळूच मला म्हणाल्या, "भावजी, मला कोणी विचारलंच नाही हो."

मग मीच विचारले. पुढची सीट ऐसपैस, मागची चार बोटे. पायठेवणी इतकी वर की गुडघे कायम दुमडलेले. पाठीला टेकायला काही नाही. ब्रेक लागला की सगळा भार मनगटांवर. सुरतेपर्यंत कंबर बधिर. "जायला मला आवडतं हो," त्या म्हणाल्या, "पण ते सारखं म्हणतात, सवय होईल."

आता गंमत बघा. जे. डी. पॉवर या संस्थेने २०१५ साली आपल्याकडे दुचाकींची पाहणी सुरू केली. तीत पहिल्या दोन ते सहा महिन्यांत शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजले. तक्रार सांगणारा तो मालक. मागे बसणाऱ्याचा रकाना कुठे होता?

आमच्या सरकारला मात्र तो माणूस सुचला होता, हे कारकून म्हणून अभिमानाने सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३. मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकलेले हवे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. दादाने ते पहिल्याच आठवड्यात काढून टाकले. सामानाच्या पेट्या बसवायच्या होत्या, आणि म्हणे ते 'दिसत नाही बरं'.

आमच्या गोव्यात याच्या उलट रीत आहे. काळी-पिवळी मोटारसायकल घेऊन नाक्यावर उभा असलेला पायलट आठवा. त्याच्या गाडीबद्दलचे मत मागे बसणाराच देतो, कारण पैसेही तोच देतो. कुल्ले आपटले तर उद्या तो दुसऱ्या पायलटकडे जाईल. म्हणून तो खड्डा दिसला की गाडी हळू करतो, पिशवी पुढे घेतो. घरच्या माणसाला दुसरा पायलट नसतो, म्हणून त्याची कुरकुर ही कुरकुरच राहते.

मालक खोटे बोलतात असे माझे म्हणणे नाही. दादा खरोखर समाधानी आहे. पण गाडी दोघांसाठी म्हणून घेतली आणि दोघांपैकी एक रेल्वेने जात असेल, तर "एक नंबर" हा शेरा मी तरी अर्धाच धरीन. शोरूममध्ये आपण पुढच्या सीटवर बसून हँडल हलवून बघतो. बायको पर्स धरून बाजूला उभी असते. तिला मागे बसवून निदान अर्धा तास चालवून आणावे, एवढे तर कोणालाही जमेल. सीट बदलून मिळते, पाठीला टेका बसवता येतो. दादाला हे मी सांगितले. तो म्हणाला, "तू गाडी घेतली नाहीस, तुला नाही कळणार."

परवा त्याचा फोन आला. नाताळात येतो आहे, गाडीने. वहिनी रेल्वेने मडगावला उतरणार. त्यांना आणायला मी जायचे आहे, माझ्या जुन्या स्कूटरवरून.