बाळाचे वजन आणि बाळाचे पोषण



धानाच्या व्यवहाराशी ज्याचा काहीच संबंध नाही असे घर आपल्या गोंदिया जिल्ह्यात शोधूनच काढावे लागेल. पोते काट्यावर चढते, आकडा दिसतो; पण तेवढ्यावर कोणी जाणता व्यापारी सौदा करीत नाही. तो मूठभर धान तळहातावर घेतो, एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो, मग ओलावा मोजतो. सरकारी खरेदीतसुद्धा ओलाव्याची मर्यादा 17 टक्के आहे. पाण्याने वाढलेले वजन हे धानाचे वजन नव्हे, ही गोष्ट आपल्याकडे गादीवर बसू लागलेल्या मुलालाही सांगावी लागत नाही. तीच आपली नजर घरातल्या पाळण्यापाशी आली की मात्र फसते. तेथे आपण फक्त काटा पाहतो आणि गाल पाहतो.

हे कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. माझी स्वतःची नजरही अशीच एकदा फसली आहे, आणि ती हकीकत सांगितल्यावाचून आजचा विषय पुरा होणार नाही. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

एक बाळ नऊ महिन्यांची लस घेण्यासाठी माझ्याकडे आले होते. गोरेगोमटे, मांड्यांना वळ्या पडलेले, वजन उत्तम. आजी कौतुकाने म्हणाल्या, ‘‘अजून फक्त आईच्याच दुधावर आहे, डॉक्टर.’’ मी घाईत होतो. वजन कार्डावर लिहिले, ‘‘छान आहे’’ म्हणालो आणि वरचे अन्न सुरू करा एवढे सांगून पुढच्या बाळाकडे वळलो. दोन महिन्यांनी त्याच आजी पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्या बोलण्यात कौतुक नव्हते. ‘‘हा हसत नाही हो आता. बसायचा, तर आता मान टाकतो. हाक मारली तरी पाहत नाही.’’ मी बाळाला नीट पाहिले. चेहरा पांढुरका, केस विरळ आणि तांबूस, बोटांच्या पेरांवर काळसर छटा, हाताला बारीक कंप. गाल मात्र तसेच गुबगुबीत. बाळाच्या आईला विचारले, दूध घेता का? ती संकोचून म्हणाली, लहानपणापासून दुधाचा वास सहन होत नाही. चहात असेल तेवढेच. गरोदरपणातही तेच. आणि घरात कोणाला हे ठाऊकच नव्हते, कारण सुनेच्या ताटात दूध आहे की नाही हे पाहण्याची रीत त्या घरात नव्हती. अनेक घरांत नसते.

बाळाला बी-12 या जीवनसत्त्वाची इंजेक्शने सुरू केली. चौथ्या दिवशी त्याने आईकडे पाहून ओठ हलवले. आज ते मूल चालते, खेळते. बोलायला मात्र उशिरा लागले. नऊ महिन्यांच्या भेटीत मी त्याची बोटे आणि केस पाहिले असते तर ते दोन महिने वाचले असते.

या विकाराची नोंद आपल्या देशात जुनी आहे. वेल्लोर येथील डॉक्टरांनी 1962 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशाच तान्ह्या मुलांविषयी लिहिले होते. मुले आईच्या दुधावर वाढत होती आणि त्या दुधातच बी-12 अत्यल्प होते. दोष आईच्या दुधाचा नव्हे. आईच्या शरीरातच जे नाही ते दुधात येणार कोठून?

बी-12 ना वनस्पती तयार करतात, ना प्राणी. ते केवळ सूक्ष्म जीवाणू बनवतात. धान्य, डाळी, फळे, भाज्या, सुकामेवा यांत ते नाही असे समजूनच चालावे. मांसाहार न करणाऱ्याला दूध, दही, ताक, पनीर एवढाच नैसर्गिक आधार उरतो. तुपात ते जवळजवळ नसते, ही गोष्ट मुद्दाम सांगतो; कारण ‘आमच्याकडे तूप भरपूर खातात’ हे उत्तर मला वारंवार मिळते. मोठ्या माणसाला रोज सुमारे सव्वादोन मायक्रोग्रॅम बी-12 लागते, गर्भवतीला थोडे अधिक आणि अंगावर पाजणाऱ्या आईला आणखी अधिक. अर्धा लिटर दुधातून साधारण दोन मायक्रोग्रॅम मिळते. चहात पुन्हा पुन्हा उकळलेल्या चार चमचे दुधाने हा हिशेब जुळत नाही, हे व्यापाऱ्यांच्या घरात वेगळे सांगायला नको.

पण आजारी पडलेले बाळ हे या कमतरतेचे टोकाचे रूप झाले. तिचे दुसरे रूप शांत असते आणि पुढे लठ्ठपणा, मधुमेह होऊन समोर येते. ते पुण्याच्या संशोधनातून उघड झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली तेव्हा आपली बाळे सरासरी 2.7 किलोची, तर तिकडची 3.5 किलोची निघाली. एवढ्यावर कोणी थक्क होणार नाही. थक्क करणारी गोष्ट पुढची आहे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला रोड, आतून चरबीदार. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. शरीरातील चरबी मात्र एकाची 21.2 टक्के, दुसऱ्याची 9.1 टक्के. अधिक चरबी कोणाची, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-12 कमी आढळले. फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता मात्र जवळजवळ कोणालाच नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या मातांचे गरोदरपणात बी-12 कमी आणि फॉलेट जास्त होते, त्या मुलांचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. हीच मधुमेहाची पहिली पायरी. 2008 साली हे प्रसिद्ध झाले. यावरून कोणी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी टाकून देऊ नये. बाळाच्या मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या घडणीसाठी ती हवीच. सरकारी दवाखान्यातून गर्भवतीला जी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते, तीत बी-12 नसते, एवढेच ध्यानात ठेवावे. शाकाहारी घरातील गर्भवतीने नाव नोंदवतानाच डॉक्टरांना बी-12 विषयी विचारावे.

त्या गावांतील आणखी एक निष्कर्ष मला आपल्या समाजासाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आईने एकूण किती खाल्ले यापेक्षा काय खाल्ले याचा बाळाच्या आकारमानाशी जवळचा संबंध दिसला. अठराव्या आठवड्याच्या सुमारास दूध घेणाऱ्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास हिरव्या पालेभाज्या व फळे खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती. आता आपले चातुर्मासाचे दिवस आठवा. अनेक घरांत या चार महिन्यांत पालेभाजी बंद असते, तिथीला हिरवे वर्ज्य असते. आयंबिलात दूध, दही, तूप हे सर्व विगय सुटतात. तपाचे मोल मी जाणतो. माझ्या आईने वर्षीतप केलेले मी लहानपणी पाहिले आहे. पण सातव्या महिन्यातील सुनेचे ताट आणि पंचावन्न वर्षांच्या सासूबाईंचे ताट एकच असावे, असा आग्रह कोणत्या शास्त्राचा?

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकणाऱ्यांना त्रिशलामातेचा प्रसंग आठवेल. गर्भाच्या रक्षणासाठी तिने आहार कसा घेतला याचे वर्णन तेथे येते: फार थंड नाही, फार उष्ण नाही; फार तिखट, फार आंबट, फार गोड नाही; ऋतूला आणि गर्भाला मानवेल असाच. प्रभूंनी गर्भात असताना मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून हालचाल थांबवली, हेही आपण दरवर्षी भक्तीने ऐकतो. पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात, त्यांत समाधी टिकावी म्हणून ठेवलेला आगारही आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या सुनेच्या नियमांविषयी महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना मोकळेपणाने विचारावे. माझा अनुभव असा की त्यांच्याकडून परवानगी सहज मिळते. अडते ते ‘लोक काय म्हणतील’ येथे. हिरवे वर्ज्य नसेल त्या दिवशी मुनग्याची पाने, चवळीची भाजी, लाल भाजी हे सारे आपल्या बाजारात स्वस्तात मिळते.

आता गालांकडे वळू. लहान जन्मलेले बाळ पाहून घरचे हळहळतात आणि त्याला लवकर ‘भरण्या’च्या मागे लागतात. डब्याचे दूध, त्यात साखर, दुधात बुडवलेले बिस्कीट, तुपात थबथबलेला शिरा. आधीच चरबी साठवण्याची सवय घेऊन आलेल्या शरीराला अशी घाई भोवते. वजन वाढते, पण ते ओल्या धानासारखे. आईचे दूध जन्मल्यापासून तासाभरात, चीक न टाकता. सहा महिने केवळ तेच, पाणीसुद्धा नाही. मग घट्ट वरणभात, मुगाची खिचडी, कुस्करलेले केळे, पपई, शिजवलेला लाल भोपळा, दही. सल्ल्याच्या छापील तक्त्यांत गाजर-बटाटा असतो म्हणून कंदमूळ न खाणाऱ्या घरांनी गोंधळण्याचे कारण नाही. वरणाच्या वरचे पाणी मात्र देऊ नये; त्याने पोट भरते आणि पोषण होत नाही. मध आपल्याकडे अभक्ष्य आहेच. वर्षाच्या आतील बाळाला तो घातक ठरू शकतो म्हणून डॉक्टरही मना करतात. गुटीच्या निमित्ताने शेजारीण मध चाटवू लागली तर आपला नियम खुशाल पुढे करावा.

साखरेविषयी एक गोष्ट व्यापाऱ्यांना विशेष रुचेल. दुसऱ्या महायुद्धापासून ब्रिटनमध्ये साखरेवर रेशन होते. सप्टेंबर 1953 मध्ये ते उठले आणि खप पाहता पाहता जवळजवळ दुप्पट झाला. रेशनच्या काळात गर्भात आणि पाळण्यात असलेली मुले आणि त्यानंतरची मुले यांची साठी उलटेपर्यंतची तुलना 2024 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. आयुष्याचे पहिले हजार दिवस कमी साखरेत गेलेल्यांना मधुमेहाचा धोका सुमारे 35 टक्के आणि रक्तदाबाचा सुमारे 20 टक्के कमी होता. आपल्या दुकानात काय घडते? नातू गादीवर आजोबांशेजारी बसतो आणि येणारा प्रत्येक व्यापारी, दलाल, ओळखीचा ग्राहक त्याच्या हातात एक चॉकलेट ठेवतो. संध्याकाळी तो जेवत नाही म्हणून आई मोबाईल दाखवून भरवते. दोन वर्षांपर्यंत वरची साखर नको, असा एक कागद गल्ल्यापाशी चिकटवलेला मी एका दुकानात पाहिला. आधी लोक हसले, मग सवय झाली.

दुसऱ्या वर्षी भूक आपोआप मंदावते, हे आजींना पटवणे मला सर्वांत कठीण जाते. पहिल्या वर्षात जन्मवजनाच्या तिप्पट होणारे बाळ दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोने वाढते. ते निसर्गाचेच गणित आहे, त्याला टॉनिक नको.

बाळंतिणीच्या लाडवांवर माझा राग नाही. डिंक, सुंठ, खोबरे यांत पिढ्यांचे शहाणपण आहे. पण अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 उष्मांक अधिक लागतात आणि तुपातल्या 50 ग्रॅमच्या एका लाडवात अडीचशेच्या आसपास असतात. सकाळी दोन, दुपारी एक, रात्रीच्या पाजण्याआधी आणखी एक, असे दोन महिने चालले आणि ताटातले दूध-दही, डाळ, भाजी तशीच राहिली, तर वाढलेले वजन पुढच्या गरोदरपणापर्यंत उतरत नाही. मग त्या वेळी साखरेची तपासणी वर येते.

किराणा किंवा औषधांचे दुकान असणाऱ्या बंधूंसाठी एक सूचना. 1992 च्या आणि 2003 साली सुधारलेल्या कायद्यानुसार बाळाचे डब्याचे दूध, दुधाची बाटली आणि दोन वर्षांखालील मुलांसाठीचे डबाबंद अन्न यांची जाहिरात करता येत नाही, खप वाढवण्यासाठी सूट किंवा भेटवस्तूही देता येत नाही. विक्रेत्याने फलक आणून दिला तरी तो लावण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

शेवटी, गेल्या अंकानंतर दोन भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. बी-12 ची गोळी शाकाहारी असते का? कारखान्यात हे जीवनसत्त्व जीवाणूंकडूनच तयार करून घेतात. प्रश्न येतो तो वेष्टनाचा. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून औषधविक्रेत्याकडे कॅप्सूलऐवजी साधी गोळी किंवा पातळ औषध मागावे आणि डॉक्टरांनाही चिठ्ठीवर तसेच लिहायला सांगावे. ज्या तरुण सुना अहिंसेच्या विचाराने दूधही सोडत आहेत, त्यांच्यासाठी ही गोळी ऐच्छिक नाही. गर्भधारणेचा विचार सुरू होण्यापूर्वीच ती सुरू झालेली असावी.