गिझरमध्ये प्रवाह संपत नाही

विद्युतभार निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. तारेतून सेकंदाला जितका भार वाहतो, तो विद्युतप्रवाह. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोंब, साधारण ६२,४०० कोटी कोटी इलेक्ट्रॉनांचा भार.

गिझर करंट खातो आणि न्यूट्रलमधून उरलासुरला परततो, हे याच स्तंभातील एका पत्राचे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. महावितरणच्या २३० व्होल्टवर चालणारा २,००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो; फेजमधून तेवढा, न्यूट्रलमधूनही नेमका तेवढाच. खर्च होते ती ऊर्जा. मीटर तीच मोजतो: एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. इलेक्ट्रॉन तर सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होत जागच्या जागीच राहतात, मिलिमीटरचा शंभरावा भागही सरकत नाहीत.

दोन्ही तारांतला प्रवाह समान असतो, यावरच आरसीसीबी, म्हणजे प्रवाहातील फरक ओळखून पुरवठा तोडणारी कळ, चालते. वाकडच्या सोसायट्यांत घरोघरी ती असायलाच हवी. भार माणसाच्या शरीरातून जमिनीत गेला की समतोल बिघडतो. घरगुती आरसीसीबी फरक ३० मिलिअँपिअरवर पोहोचेपर्यंत पुरवठा तोडते.

न्यूट्रल निर्धोक असतो, हा त्या पत्रातील निष्कर्ष मात्र जिवावर बेतणारा आहे. न्यूट्रलचे विभव जमिनीच्या जवळ असते ते जोडणी शाबूत असेपर्यंत. ती तुटली आणि गिझर चालू असला, तर तुटलेल्या टोकापर्यंत जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट पोहोचतात. दुरुस्तीपूर्वी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच बंद करावा.

– एक वाचक, वाकड