अहवाल कुणासाठी असतो?

9 जुलै 2025 रोजी राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यात दोन आसनी जग्वार विमान कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले. उड्डाण नेहमीच्या सरावाचं होतं आणि त्या वर्षातला जग्वारचा हा तिसरा अपघात. हवाई दलाने कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमली आणि बातमी तिथेच संपली.

राग येतो तो चौकशीनंतरच्या या शांततेचा. हवाई दलाचे अपघात अहवाल सहसा जनतेसमोर येत नाहीत. कधीतरी संसदेत एक तक्ता ठेवला जातो. 2017 ते 2022 या काळातल्या 34 अपघातांचा असा तक्ता संरक्षणविषयक स्थायी समितीने डिसेंबर 2024 मध्ये दिला. त्यात निम्म्याहून अधिक अपघातांपुढे कारण एकच : वैमानिकाची चूक.

तीच नोंद कविता गाडगीळ यांनी मान्य केली नव्हती. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित 17 सप्टेंबर 2001 च्या रात्री सुरतगडहून मिग-21 घेऊन निघाला आणि काही सेकंदांत विमान कोसळलं. दोष त्याच्यावर आला. मेलेला मुलगा बाजू मांडू शकत नाही, म्हणून आई उभी राहिली. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातले निवृत्त अधिकारी. या दोघांनी पुण्यात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी संस्था काढली, सिम्युलेटर आणले. दुःखाला एवढं कामाला लावणारं घर विरळाच.

दोष मुलाचा नाही, हे त्यांचं म्हणणं नुसत्या मायेपोटी नव्हतं. हवाई दलाच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँटेन समितीने प्रगत प्रशिक्षण विमानाची गरज 1980 च्या दशकातच सांगितली होती. हॉक हे तसं विमान मात्र बीदरच्या तळावर आलं 2008 मध्ये! तोवर पंचविशीच्या आतली मुलं किरणसारख्या साध्या विमानावर शिकून थेट मिग-21 वर जात होती. 2012 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले : घेतलेल्या 872 मिगपैकी 482 अपघातांत गेली, 171 वैमानिक मेले. इतक्या मृत्यूंच्या नोंदींत विमानखरेदीच्या फायलींवर बसून राहिलेल्यांची चूक कुठल्या रकान्यात लिहायची?

अहवाल खुला करता येतो, हे ब्रिटनने दाखवलं. तिथे मार्च 2018 मध्ये वेल्समधल्या व्हॅली तळावर रेड ॲरोज या हवाई कसरती करणाऱ्या पथकाचं हॉक कोसळलं. इंजिन बंद पडल्याचा सराव चालू होता. वैमानिक वाचला, मागे बसलेला अभियंता गेला. पुढच्याच वर्षी अहवाल सर्वांसाठी खुला झाला. त्यात वैमानिकाचा थकवा, त्याचं विचलित होणं आणि यंत्रणेतल्या उणिवा, सगळं लिहिलेलं होतं. त्याने ब्रिटनच्या संरक्षणाला भोक पडलं नाही.

चुरूच्या अहवालातूनही शस्त्रास्त्रांचा आणि मोहिमांचा तपशील जरूर वगळावा. पण विमान किती जुनं होतं, शेवटची देखभाल कधी झाली, चौकशीत काय सापडलं आणि त्यावर कुणी काय केलं, एवढं तरी छापा. आणि ते छापण्याआधी दोन्ही वैमानिकांच्या घरी स्वतः जाऊन सांगा.