फ्लास्कच्या खाली कोण राहतं?

शनिवार आहे, भांडायचा मूड आहे. "डोन्ट रीइन्व्हेंट द व्हील" हे वाक्य आपल्या हापिसांत आता विचार न करण्याचा परवाना झालंय. छोटी सर्व्हिस फ्लास्क न घेता थेट वेर्कत्सॉइगवर लिहू, असं कोणी म्हणालं की सगळे त्याच्याकडे घरात पिठाची गिरणी टाकायला निघाल्यासारखे बघतात. (जर्मन शब्द आहे, अर्थ अवजार. उच्चार मलाही धड जमत नाही.)

मुळात फ्लास्क म्हणजे काय? आर्मिन रोनाखरने 2010 च्या 1 एप्रिलला गंमत म्हणून एक फ्रेमवर्क सोडलं, लोकांनी ते खरंच मनावर घेतलं, त्यातून फ्लास्क आलं. रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, कुठली यूआरएल कुठल्या फंक्शनकडे जाते, डेव्हलपमेंट सर्व्हर, डीबगर... हे सगळं वेर्कत्सॉइगचं. टेम्प्लेट जिंजाचं. सेशनच्या कुकीवरची सही इट्सडेंजरसची. फ्लास्क मुख्यतः यांची मोट बांधतं. छानच बांधतं, तक्रार नाही.

तक्रार आहे ती मोटेत काय आहे हे न बघणाऱ्यांबद्दल. 2023 च्या सप्टेंबरअखेर वेर्कत्सॉइग 3.0 आलं. त्यातून 'यूआरएल_कोट' हे फंक्शन काढलेलं होतं, 2.3 मध्ये तसा इशाराही होता. फ्लास्क 2.2 ने वेर्कत्सॉइगला वरची मर्यादाच घातली नव्हती. ज्यांनी फक्त फ्लास्कचं व्हर्जन लिहून ठेवलं होतं, त्यांची ॲप्स पुढच्या बिल्डला इम्पोर्टवरच आपटली. कोड एका ओळीने बदललेला नाही आणि ॲप बंद! मग कुठूनतरी एक ओळ कॉपी करायची, व्हर्जन बांधून टाकायचं, की झालं. आपण काय बांधलं ते कोण बघतंय?

सेशनचं तर विचारूच नका. फ्लास्कची डीफॉल्ट कुकी सही केलेली असते, कुलूपबंद नसते. बदलता येत नाही, पण वाचता कोणालाही येते. त्यात ग्राहकांचे मोबाईल नंबर ठेवलेला कोड मी रिव्ह्यूमध्ये पाहिलाय. थेट वेर्कत्सॉइगवर लिहिणाऱ्याला सेशन कुठे ठेवायचं हे स्वतः ठरवावं लागतं, त्यामुळे हा प्रश्न निदान त्याच्या डोक्यात येतो तरी.

"तू गेल्यावर सांभाळणार कोण?" हा आक्षेप मात्र खरा. लॉगिन, फॉर्म्स, ॲडमिन लागणार असेल तर गुपचूप जँगो घ्या. राउटसाठी स्वतःचा डेकोरेटर लिहायला लागलात तर तिथेच थांबा, तुम्ही फ्लास्कच लिहिताय. पण चार यूआरएलचा वेबहूक रिसीव्हर? एक मॅप, चार रूल, चार फंक्शन्स. नवा माणूस चहा संपायच्या आत वाचून काढेल.

वेर्कत्सॉइगच्या डॉक्युमेंटेशनमध्ये 'शॉर्टली' नावाचं ट्युटोरियल आहे, रेडिस आणि जिंजा घेऊन लिंका छोट्या करणारं ॲप. अर्धा शनिवार पुरतो. फक्त डीबगर चालू ठेवून ते सर्व्हरवर चढवू नका, तो ब्राउझरमधून पायथन चालवू देतो. मग पुढचा शनिवारही गेलाच :)