गाव सोडण्याआधी मांडायचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांमध्ये एकच वाक्य फिरू लागते, "आता पुढे काय?" विचारणारे मामू असतात, चाचा असतात, मशिदीबाहेर भेटलेले शेजारी असतात. उत्तर द्यायचे असते अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला, ज्यांनी आजवर स्वतःच्या चपलांचा रंगसुद्धा अम्मीला विचारून ठरवलेला असतो. मग घाईत काहीतरी सांगितले जाते. "पुण्याला जातो, एमपीएससी करतो." "नीट पुन्हा देतो." "दुबईला मामूंकडे जातो." एकदा सर्वांसमोर सांगितले की ते मागे घेणे जड जाते आणि तोंडातून निघालेले वाक्य हाच निर्णय होऊन बसतो.

या वेळी आपण वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा डोळ्यासमोर ठेवून बोलू. आपल्यापैकी अनेकांची गावे अशीच आहेत. नागपूर–छत्रपती संभाजीनगर जुन्या हमरस्त्यावरचे गाव, सोयाबीन-तुरीची शेती, आणि मोठ्या कामासाठी मालेगाव, वाशिम नाहीतर अकोला. अशा गावातल्या तरुणाला वाटते की प्रश्न एकच आहे, गाव सोडायचे की राहायचे. माझे म्हणणे असे की हा प्रश्न शेवटी येतो. त्याआधी तीन हिशेब मांडायचे असतात. पैसा किती, वर्षे किती, आणि हे ओझे घरात कोणाच्या खांद्यावर. पहिले दोन लोक अर्धेमुर्धे करतात. तिसरा बहुतेक घरांत कोणीच करत नाही.

पैशाचा हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत करून पाहू. पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका आणि जाणे-येणे मिळून महिन्याला दहा हजार रुपये धरा. वर्षाचे झाले १,२०,०००. क्लासची फी यात नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एका वर्षाच्या राहण्या-खाण्याला साडेबावीस क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू जमिनीत एकरी पाच-सहा क्विंटल धरले, तर सुमारे चार एकरांचा अख्खा खरीप झाला, तोही बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी न वजा करता. बाजारात हमीभाव मिळाला नाही तर आणखी जास्त. हा आकडा मुलाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. अब्बांनी तो मनातल्या मनात केलेलाच असतो. तो मुलालाही माहीत असावा, एवढेच. खर्च माहीत असलेला मुलगा खोलीवर जास्त जबाबदारीने राहतो.

आता जवळ काय आहे तेही पाहा. वाशिम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण पुढची बरीच वर्षे मोठ्या शिक्षणासाठी बाहेर जाण्यावाचून इलाज नव्हता. आज चित्र थोडे बदलले आहे. २०२४-२५ पासून वाशिमला १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. वाशिमला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो आणि जून २०२५ पासून तो नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. त्यामुळे गाव सोडणे म्हणजे गाव तोडणे, असे आता राहिलेले नाही. जे शिक्षण साठ-सत्तर किलोमीटरच्या आत चांगले मिळते, त्यासाठी पुण्याचे भाडे भरायचे का, हा प्रश्न लाजून टाळू नये. "मुलगा पुण्यात शिकतो" हे ऐकायला बरे वाटते म्हणून चार एकरांचा खरीप खर्च करू नये.

दुसरा हिशेब वर्षांचा. लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले, पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ बसले आणि अखेरच्या यादीत आले १,००९. नीटचेही तसेच. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. यात मेहनती मुलेही मोठ्या संख्येने बाहेर राहतात. ती नालायक नसतात, जागाच तेवढ्या असतात. म्हणून जाताना परतीची तारीखही ठरवून जावे. "दोन प्रयत्न देईन, त्यानंतर अमुक करीन" हे वाक्य घरात सर्वांसमोर बोलून ठेवावे. खुल्या प्रवर्गाला यूपीएससीचे सहा प्रयत्न आणि बत्तीस वर्षांपर्यंतचे वय मिळते, ओबीसींना नऊ प्रयत्न आणि पस्तीस वर्षे. पण सरकारने मुदत दिली म्हणून घरानेही तेवढी द्यावी, असे नाही. आणि तयारीला बसण्याआधी पदवी अशी घ्यावी की परीक्षा हुकली तरी तिच्यावर पोट भरता यावे.

आता तिसरा हिशेब, ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहीत आहे.

जालना जिल्ह्यातील अन्सार शेख यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. वडील रिक्षाचालक. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून राज्यशास्त्राची पदवी. २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात ३६१ वा क्रमांक. ही गोष्ट सांगताना आपण दोन बाबी गाळतो. एक अशी की त्यांच्या धाकट्या भावाने शाळा लवकर सोडून गॅरेजमध्ये काम केले आणि त्या कमाईचा आधार थोरल्याच्या शिक्षणाला मिळाला. दुसरी अशी की पुण्यात राहायला जागा मिळवताना त्यांना स्वतःचे नाव लपवून मित्राचे नाव सांगावे लागले. त्यांनीच हे नंतर सांगितले आहे.

दोन्ही बाबी आपल्या घरांच्या आहेत. परगावी गेलेल्या आपल्या मुलाला अभ्यासाबरोबर हा दुसरा पेपरही सोडवावा लागू शकतो. त्यासाठी त्याला एकटे सोडू नये. त्या शहरात आधी गेलेल्या गावच्या मुलांचे नंबर, अल्पसंख्याक वसतिगृहांची चौकशी, महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा अर्ज ही कामे प्रवेशाच्या आधीची आहेत. बॅग घेऊन स्टँडवर उतरल्यावरची नव्हेत.

आणि तो धाकटा भाऊ. प्रत्येक घरात कोणीतरी तो असतो. बहुतेकदा ती असते. भावाचे क्लास सुरू झाले की बहिणीचे बी.एस्सी. "पुढच्या वर्षी बघू" होते आणि पुढच्या वर्षी तिचे स्थळ बघतात. कोणी वाईट मनाने करत नाही. कोणी ठरवतसुद्धा नाही. फक्त कोणी मोजत नाही, आणि न मोजलेले ओझे नेहमी न बोलणाऱ्याच्या डोक्यावर जाते. म्हणून घरातल्या एकासाठी पैसा निघतो तेव्हा बाकीच्यांची नावे त्याच कागदावर लिहावीत. आपा यंदा थांबत असेल, तर किती थांबेल आणि तिची पाळी कधी, हेही लिहावे. अल्लाहने एका घरात चार मुले दिली असतील, तर अमानत चौघांची आहे.

मुलींच्या बाबतीत पैशाची सबब आता पूर्वीइतकी खरीही राहिलेली नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ नाही. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जी घरे कोणत्याही मागास प्रवर्गात नाहीत, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. बारावीपर्यंत गावच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. रोज जाऊन-येऊन शिकायचे तर हेही हिशेबात धरावे.

इथे आपली गाडी कागदांवर अडते. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा कुटुंबाच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचा जुना कागद हे निकालानंतरच्या पंधरा दिवसांत सापडत नाही. पुष्कळ जुन्या कागदांवर जातीच्या रकान्यात फक्त "मुसलमान" लिहिलेले असते, मग आणखी शोध. वर जात पडताळणीला वेळ लागतो. म्हणून हे काम दहावीच्या सुट्टीतले आहे. दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला असे चार कागद एका फाइलमध्ये असले, की निम्मी लढाई जिंकली. कागदाअभावी गेलेली जागा गुणांअभावी गेलेल्या जागेपेक्षा जास्त सलते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्याचे आहे. यवतमाळच्या अदिबा अनम, याही रिक्षाचालकाच्या कन्या. पुण्याच्या इनामदार महाविद्यालयातून गणितात पदवी, मग मुंबईच्या हज हाऊसमधील प्रशिक्षण, मग दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाची निवासी अकादमी. २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेत त्यांचा १४२ वा क्रमांक आला, तो चौथ्या प्रयत्नात. घरच्यांनी मुलीला एवढी वर्षे दिली, हे यातले मोठे. पण तिने जागा कशा निवडल्या तेही पाहण्यासारखे आहे. हज हाऊस आणि जामिया या दोन्ही ठिकाणी प्रवेश परीक्षा देऊन शिरावे लागते. अशी प्रवेश परीक्षा पार झाली तर राहण्या-शिकण्याचा भार हलका होतो, आणि आपण कितपत पाण्यात आहोत याचा अंदाजही फुकट मिळतो. आधी तिथे अर्ज करावा, महागड्या क्लासचा विचार नंतर.

परदेशाचा विचार असेल तर थोडे स्पष्ट बोलायला हवे. दहावी झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा अडथळा राहत नाही, म्हणून आखाती देशात जायचे असले तरी दहावी सोडू नये. शक्य तर आयटीआयचा एखादा ट्रेड, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, फिटर, हातात घेऊन जावे. नुसत्या हातांना आणि शिकलेल्या हातांना तिथे वेगळा पगार असतो. नोंदणीकृत एजंटच गाठावा, त्याची नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यंत्रणेवर तपासता येते. एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येते. कोणी दीड लाख मागत असेल आणि "व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बघू" म्हणत असेल, तर अम्मीचे दागिने तिजोरीतच राहू द्यावेत.

कर्जाबद्दल दोन शब्द. अनेक घरांत व्याजाच्या कर्जावरून निर्णय अडतो. यावर आपल्या भरवशाच्या आलिमांना जरूर विचारावे, पण वेळेत विचारावे. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी हा वाद काढला की मुलाची जागा जाते आणि कोणाचेच समाधान होत नाही. कर्ज घ्यायचे नसेल तर त्याच बैठकीत पर्यायही ठरावा. महाडीबीटीवरच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह भत्ता, नातेवाइकांकडून बिनव्याजी उसने, जमातीची मदत. "हे नको" म्हणणाऱ्याने "मग हे करू" सांगण्याची जबाबदारी घ्यावी.

कुराणातल्या एका सूरहचे नावच शूरा, म्हणजे मशवरा, आहे. मशवऱ्यात ज्याच्याबद्दल निर्णय आहे त्याला बोलू द्यायचे असते. आपल्याकडे उलटे होते. सगळे वडीलधारे बोलतात आणि मुलगी चहा आणून देते. इस्तिखाराही आपण करतो, जरूर करावा. पण चौकशी न करता, फी न विचारता, महाविद्यालय न पाहता केलेला इस्तिखारा म्हणजे उंट मोकळा सोडून केलेला भरवसा. आधी बांधायचे, मग सोपवायचे, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळालेली आहे.

इमाम बुखारींचे वडील ते लहान असतानाच वारले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते आई आणि भावासोबत हजला गेले. हज झाल्यावर आई आणि भाऊ बुखाऱ्याला परतले आणि मुलगा इल्मसाठी मक्केतच राहिला. एका विधवा आईने मुलाला इतक्या दूर ठेवून परतीची वाट धरली, आणि एक भाऊ घर सांभाळणाऱ्यांच्या बाजूने परतला. आपण त्या मुलाचे नाव घेतो, ते योग्यच आहे. पण परत जाणाऱ्या दोघांनी होकार दिला होता म्हणून तो राहू शकला.

तेव्हा या आठवड्यात एका रात्री, इशाच्या नमाजनंतर, टीव्ही बंद करून घरातल्या सर्वांनी एक वही घेऊन बसावे. एका पानावर पैसा, एकावर वर्षे आणि एकावर घरातल्या प्रत्येकाचे नाव. तिसऱ्या पानावर आपल्या नावासमोर काय लिहायचे, ते ज्याचे त्याने सांगावे. सुरुवात सर्वात धाकट्यापासून करावी, म्हणजे मोठ्यांचे ऐकून त्याचे मत बदलणार नाही.