‘बाईपायी राज्य गेलं’



इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) १९२६ साली गादीवरून उतरले, त्याची गोष्ट अजून अशीच सांगतात : एका नाचणारीपायी राज्य गेलं, अहिल्याबाईंच्या गादीला बट्टा लागला. बट्टा लावला कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही.

१२ जानेवारी १९२५. मुंबईत मलबार हिलवर संध्याकाळी एक मोटार अडवली गेली. आत व्यापारी अब्दुल कादर बावला आणि मुमताज बेगम होते. बावला गोळ्यांना बळी पडले, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. हल्लेखोरांना ती हवी होती. गोल्फ खेळून परतणारे लष्करी अधिकारी मध्ये पडले, म्हणून तिला नेता आलं नाही. तरी प्रकरणाला नाव पडलं ‘बावला खून खटला’!

मुमताज होळकर दरबारात सुमारे दहा वर्षं होती. मसुरीला नेत असताना ती दिल्लीला अडून बसली, पुढे जायला तयार झाली नाही. तिथून अमृतसर, मग मुंबई. एवढाच तिचा गुन्हा. ‘इतकी वर्षं राहिलीस, मग आताच काय झालं?’ हा प्रश्न आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींनी ऐकलेला आहे. तिथे राजा नसतो, नवरा असतो, एवढाच फरक.

तिघांना फाशीची शिक्षा झाली, काहींना जन्मठेप. हल्ल्याचा उगम इंदुरात आहे, असं न्यायाधीशांनाही वाटलं. पण महाराज आरोपी झाले नाहीत. इंग्रज सरकारने त्यांच्यापुढे पर्याय ठेवला : चौकशी आयोग, नाहीतर गादी सोडा. त्यांनी मुलाला, यशवंतरावांना, गादी दिली. सरकारला मुमताजची कणव आली होती असं समजू नका. खून भर मुंबईत, त्यांच्या हद्दीत झाला होता. हेच राजवाड्याच्या भिंतीआड झालं असतं तर? राजेसाहेबांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी थाटात लग्न केलं.

मुमताजने कोर्टात सांगितलं होतं, की इंदुरात आपल्यावर पाळत असे. आपल्याला मुलगी झाली आणि दायांनी ती मारली, म्हणून तिथे राहायचं नव्हतं. खटला मलबार हिलवरच्या गुन्ह्याचा होता. त्या मुलीचं काय झालं, हा त्याचा विषय नव्हता.