शेवटाआधी टीव्ही बंद करणारी आई

टीव्हीवर 'सैराट' लागला की आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली असते. हैदराबादच्या घराच्या दारात नायिका अर्ची रांगोळी काढत असते, समोर तिचा भाऊ आणि माहेरची माणसं येऊन उभी राहतात, आणि आई रिमोट उचलते. "बास झालं." टीव्ही बंद. कुणी काही बोलत नाही. ती उठून चुलीकडं जाते.

मी बार्शी तालुक्यातल्या एका बँजो पार्टीत की-बोर्ड वाजवतो. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला, तो ऐन लग्नसराईत. गाणी त्याआधीच गावोगाव पोचली होती. त्या उन्हाळ्यात 'झिंगाट'शिवाय वरात पुढं सरकत नव्हती. ते वाजवायला अवघड नाही, हलगीवाला तयारीचा असला की निम्मं काम तोच करतो. खरी दमछाक झाली 'याड लागलं'ची. संगीतकार अजय-अतुलनं त्या चित्रपटाचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला होता. एवढ्या व्हायोलिनांचा आवाज मला एका की-बोर्डवर, दोन हातांत आणायचा होता. दोन रात्री जागून मी ते बसवलं.

चित्रपट पाहिला तो नंतर. थिएटरात 'झिंगाट'ला पोरं पडद्यापुढं नाचली, चिल्लर उधळली. पुढं पळून गेलेल्या अर्ची-परशाची गोष्ट हैदराबादला गेली तसे लोक शांत होत गेले. आणि शेवटी, शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं त्यांचं लेकरू मारल्या गेलेल्या आईबापांजवळ घरात परत येतं, तेव्हा दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. मी वाजवणारा माणूस. कुठं कोणतं वाद्य शिरतंय याकडं माझं कायम ध्यान. मी वाट बघत होतो की आता व्हायोलिन येईल, निदान एखादा बारीक सूर तरी. काहीच आलं नाही. ते पोर रडत होतं आणि त्याचं रडणं ऐकू येत नव्हतं. रक्तानं भरलेली पावलं उमटवत ते बाहेर चालत गेलं. आत्तापर्यंत शिट्ट्या मारणारी पोरं खाली मान घालून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी वरातीची सुपारी होती. 'याड लागलं' वाजवताना हात जड झाला. सूर तेच होते, पट्टी तीच होती. पण आता मला माहीत होतं की विहिरीत उड्या मारणाऱ्या परशाचं पुढं काय होतं. नवरा घोड्यावर हसत बसला होता, आणि मी पहिल्यांदाच ते गाणं नीट वाजवलं असं मला आजही वाटतं.

मला सांगायचं आहे ते एवढ्यासाठीच. शेवट फक्त शेवटी नसतो. तो मागं जातो आणि आधी वाजलेल्या प्रत्येक गाण्यात जाऊन बसतो. 'शोले'चं घ्या. १९७५ च्या ऑगस्टमध्ये तो लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत थंडा प्रतिसाद होता, आणि जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा असा विचार चित्रपट करणाऱ्या मंडळींनी केलाही होता. तो त्यांनी सोडला म्हणून बरं. रात्री पायरीवर बसून जय माउथ ऑर्गन वाजवतो, वर राधा एकेक दिवा मालवत जाते. भानू गुप्तांनी वाजवलेली आर. डी. बर्मनची ती धून मी कितीतरी वेळा हातात घेतली आहे. सूर मोजकेच आहेत. जय जगला असता तर ती एक गोड धून उरली असती, एवढंच.

म्हणून 'रांझणा'च्या बाबतीत जे झालं त्याचा मला मनापासून राग आहे. २०१३ चा तो चित्रपट तमिळमध्ये 'अंबिकापती' नावानं आला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये निर्मात्यांनी तो तिथं पुन्हा लावला, आणि तोही कृत्रिम बुद्धिमत्तेनं शेवट बदलून. मूळ गोष्टीत मरणारा कुंदन त्यात जगतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष या दोघांनी जाहीर विरोध केला, तरी लागायचा तो लागला. प्रेक्षकाला सुखान्त हवा असतो, त्यात काय बिघडलं, असं म्हणणारे मला भेटतात. माझं म्हणणं, रहमाननं जे संगीत मरणाऱ्या पोरासाठी केलं होतं, ते आता उठून बसणाऱ्या पोराच्या मागं वाजवायचं? शेवट बदलताना त्यांनी गाण्यांना विचारलं होतं का?

मालिकांचं दुखणं उलटं. तिथं लोकांच्या आवडीपायी गोष्ट संपूच देत नाहीत. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण लांबलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया बोटांवर महिने मोजत बसायच्या. चिडायच्या, पण वेळ झाली की सातबारा हरवल्यासारख्या रिमोट शोधायच्या.

'सैराट'बद्दल लग्नाच्या मांडवात मी दोन मतं हमखास ऐकतो. एक, गाणी भारी पण शेवट नको होता. हे मत मला पटत नाही, तरी त्यातली माया कळते. ज्याला अर्ची-परशा आपले वाटले तोच असं म्हणणार. दुसरं मत मात्र ऐकवत नाही. एखादा जाणता माणूस पोरींकडं बघून म्हणतो, "बघितलं ना? पळून गेलं की असं होतं." अहो, मारायला भाऊ आला होता. अर्चीच्या हातात चहाचे कप होते. आईनं पाठवलेल्या वस्तू बघून ती हरखली होती. पाटलाच्या पोरीनं मासे धरणाऱ्याच्या पोराशी संसार मांडला, तो भांडणं मिटवून, घाम गाळून सावरला, तो सुखाला लागला आणि तेव्हा तो कापला गेला. यातून पोरींना धाक घालणाऱ्यानं चित्रपट बघितलाच नाही. 'सैराट'वरून हिंदीत केलेल्या 'धडक'मध्ये तर जातीची धार बोथट केली आणि मुलीला जिवंत ठेवून नवरा आणि बाळ मारलं. 'झिंगाट' त्यातही होतंच, हिंदी शब्दांत. आमच्या पार्टीकडं ते हिंदी 'झिंगाट' आजवर कुणी मागितलेलं नाही.

पण आईबद्दल मी चुकलो होतो. मला वाटायचं, तिलाही सुखान्त हवा आहे, म्हणून ती तिथंच टीव्ही बंद करते. म्हणजे तिच्यासाठी ते दोघं चहा घेत बसलेले असतात कायमचे. मागच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. रांगोळी, भाऊ, रिमोट. ती भाकरी थापायला गेली. मी की-बोर्डची वायर गुंडाळत होतो. परातीवरचा हात थांबला, आणि माझ्याकडं न बघता तिनं विचारलं,

"त्या लेकराला मग कुणी उचललं असंल रं?"